नवव्या मजल्यावरची नावडती

मी बॉम्ब शेल्टर बोलतेय. दचकू नका, लष्करी छावणीतली वगैरे नाही. सिंगापुरात, पासिर रिसमधल्या एका इमारतीत, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराला लागून असलेली चिमुकली खोली आहे मी. कागदोपत्री माझं नाव भारदस्त आहे. घरात मात्र मला सगळे 'स्टोअर' म्हणतात.

माझा जन्म झाला तो थाटात. फूटभर जाडीचं काँक्रीट, आत लोखंडी सळयांची जाळी आणि पोलादी दार. माझ्या डोक्यावर वरच्या घराची शेल्टर, पायाखाली खालच्या घराची. अशा आम्ही बहिणी एकीवर एक, तळापासून गच्चीपर्यंत उभ्या. इमारत पडली तरी या उभ्या राहतील, असं बांधणारे म्हणाले होते. मी ते फार मनावर घेतलं. दारावर एक सूचना चिकटवून ते निघून गेले: भिंतीत खिळा ठोकू नये.

तिथेच माझं नशीब फुटलं. ज्या भिंतीत खिळा नाही तिच्यावर फोटो नाही, कॅलेंडर नाही, लेकराने काढलेलं चित्र नाही. हॉलच्या भिंती नटून बसतात आणि मी सुटकेसा पोटात घेऊन अंधारात.

गेल्या नोव्हेंबरात पुण्याचं बिऱ्हाड इथे भाड्याने आलं. प्रबोध आयटीतला, त्याची बायको उर्मिला, आणि नऊ वर्षांची कस्तुरी. आल्या दिवशी उर्मिलेने माझं दार ढकललं, "बाई, काय जड आहे!" म्हणाली, आणि चार सुटकेसा, तांदळाची गोणी, लोणच्याच्या बरण्या आत लोटून मोकळी झाली. मग सरळ गेली हॉलच्या खिडकीपाशी.

ही खिडकी म्हणजे माझी सवत. आता सांगितल्यावाचून राहवत नाही. एवढीशी काच, दगड बसला तर तुकडे होतील. पण तिला पडदा, तिला तोरण, तिच्या कट्ट्यावर तुळस. रोज संध्याकाळी उर्मिला चहाचा कप घेऊन तिच्यापाशीच उभी. खाली एमआरटीकडून, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनाकडून, येणारी छपराची वाट दिसते, तिथून प्रबोध येताना दिसतो. तो वर बघून हात हलवतो. मला हे सगळं नुसतं ऐकू यायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तसं माझं काँक्रीट अळणी.

सगळ्यात जास्त सलायचा तो आकाशकंदील. पुण्याहून आणलेला, लाल-पिवळा, खोक्यात घालून माझ्या वरच्या कोपऱ्यात ठेवलेला. येताना दिवाळी हुकली होती, म्हणून उर्मिला कस्तुरीला सांगायची, "पुढच्या दिवाळीला लावू हं, खिडकीत." अकरा महिने सांभाळायचा मी आणि मिरवायचं हिने!

वरच्या बहिणीचाही मला हेवा वाटायचा. तिच्यात त्या घरची कामवाली बाई झोपते. निदान एका माणसाची ऊब तरी तिला मिळते.

फेब्रुवारी उजाडला आणि टीव्हीवर रोज एकच बातमी. जगातल्या दोन महासत्ता एका समुद्रात जहाजं आणून एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या. तुझ्याकडे इतकी अण्वस्त्रं तर माझ्याकडे त्याहून जास्त. तू माघार घे, मग मी घेते. घरातली माणसं चकित होऊन ऐकायची. मला मात्र त्या दोघी लगेच ओळखू आल्या. शेजारणीचं तोरण डोळ्यांत सलतं तेव्हा कोण कसं बोलतं, ते मला कुणी शिकवायला नको.

एका रविवारी उर्मिला माझ्या दारात येऊन उभी राहिली. "प्रबोध, ही खोली रिकामी करूया."

"अगं, साध्या बॉम्बच्या ठिकऱ्या अडवेल ही. अणुबॉम्बपुढे काय करणार?"

"नसण्यापेक्षा बरी. तू आधी सुटकेसा काढ."

त्याचं बोलणं मला झोंबलं, पण तिचं ऐकून मी विरघळले. सुटकेसा बाहेर गेल्या, कंदिलाचं खोकं बाहेर गेलं. उर्मिलेने मला ओल्या फडक्याने पुसलं. कोपरा न् कोपरा पुसला. गादी आली, पाण्याच्या बाटल्या आल्या, टॉर्च, औषधं, डबाभर चिवडा. कस्तुरीने तिची चित्रांची वही आणून ठेवली. खिडकीपाशी आता सुटकेसांचा ढीग लागला होता, पडदा त्याच्यामागे चुरगळून गेला होता. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रोज बातम्या लागल्या की मी मनात म्हणायची, हं, आणखी ताणा!

पंधरा फेब्रुवारी. संध्याकाळचे सहा वीस. अचानक बाहेर भोंगा वाजायला लागला. एक थांबत नाही तर दुसरीकडून, सगळ्या वस्तीभर.

उर्मिलेच्या हातातला कप खाली पडला. "कस्तुरी!" तिने पोरीला दंडाला धरून फरफटत आत आणलं, दोन्ही हातांनी माझं दार ओढलं, मूठ फिरवली. माझ्या जन्मात पहिल्यांदा मी माणसं आत घेऊन बंद झाले.

"आई, बाबा कुठाय?"

उर्मिलेने फोन लावला. लागेना. माझ्या भिंतींतून रेंज कुठली येणार? पुन्हा लावला. पुन्हा.

"आई, व्हेअर इज बाबा? ही विल कम, राइट?"

"येईल. एमआरटीतून उतरला असेल. येईल."

"मग डोअर का बंद केलंस? तो आत कसा येणार?"

उर्मिलेचा हात मुठीवर गेला आणि तिथेच थांबला. उघडावं तर लेक, न उघडावं तर नवरा. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते आज पहिल्यांदाच कबूल करते. मी म्हणाले, राहू दे त्याला बाहेर. फुटू दे ती काच. या दोघी आता माझ्या आहेत.

तेवढ्यात कस्तुरी मागे सरकली आणि तिची पाठ माझ्या भिंतीला टेकली. इतकी वर्षं मी ज्या स्पर्शासाठी झुरले तो हाच. पण ती पाठ थडथड उडत होती. दात वाजत होते पोरीचे. मिळालेली ऊब ही अशी होती. आणि मला कळलं की माझ्याकडे कुणी आलं तर ते असंच येणार. चहाचा कप घेऊन माझ्याकडे कुणी कधीच येणार नाही. वरच्या मजल्यावरची ती बाई रोज रात्री का हुंदके देते, हे मी आजवर बहिणीला एकदाही विचारलं नव्हतं.

उर्मिलेने मूठ फिरवली. मीही बिजागरी अडवली नाही. ती धावली ती थेट खिडकीकडे, सुटकेसा लाथेने सारून.

"प्रबोध! अरे वर ये! पळ!"

खालून त्याने नेहमीसारखा हात हलवला म्हणे. दुसऱ्या हातात रोटी प्राताचं, म्हणजे इथल्या पराठ्याचं, पार्सल. कस्तुरीही आईच्या काखेखालून वाकून बघू लागली. खाली मुलं फुटबॉल खेळत होती, एक अंकल कुत्रा फिरवत होते. कुणी मान वर करून पाहत नव्हतं.

"ओह नो," कस्तुरी इथल्या शाळेत उचललेल्या ढंगात म्हणाली. "आई, टेस्ट ओन्ली लाह! टीचर टोल्ड अस. एव्हरी इयर टुडे. मी विसरलेच."

प्रबोध वर आला तेव्हा हसत होता. "अगं वेडे, दर वर्षी याच दिवशी वाजवून बघतात! मला सांगायचं राहिलं." मग त्याने उर्मिलेचा चेहरा पाहिला आणि पार्सल खाली ठेवून तिला जवळ घेतलं. दोघं बराच वेळ उभी होती, खिडकीपाशीच. अर्थात.

आठवड्याने त्या महासत्तांनी जहाजं मागे घेतली. आधी कोण हललं यावर अजून वाद चालू आहे म्हणतात. घरात गादी परत बेडरूममध्ये गेली, चिवडा सगळ्यांनी मिळून संपवला. सुटकेसा आल्या, तांदूळ आला, बरण्या आल्या. शेवटी उर्मिला कंदिलाचं खोकं घेऊन आली, वरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि जाताना माझ्या भिंतीवर क्षणभर तळवा टेकवला. का, ते तिचं तिला ठाऊक.

मी सुधारले असं समजू नका. सवत ती सवतच. संध्याकाळी कपबशी वाजली की अजून माझ्या पोटात दुखतं. पण वाचकहो, आता माझं एक मागणं आहे. मला सामानानेच भरा, इतकं की माणसाला शिरायला जागा उरू नये. आणि दर दिवाळीला तो कंदील माझ्याकडून घेऊन जा, तिच्यात लावा. मी बसेन धुमसत अंधारात.

फक्त हे मी म्हणाले, असं तिला सांगू नका.