कानांचं पथ्य

सौदामिनीचा आवाज चढला तो बोक्यावर. त्यानं दुधाच्या भांड्यात तोंड घातलं आणि ती ओरडली, "मेल्या, थांब, तुझं नरडंच आवळते!" एवढंच. लगेच पडवीतून गंगाधरन मास्तरांचा शांत आवाज आला, "झालं. आजपासून पुन्हा पहिला दिवस."

तिनं भांडं आपटायला उचललं आणि अलगद खाली ठेवलं. आपटलं असतं तर तेही मोजलं गेलं असतं.

कर्किटकम महिना म्हणजे अंगाला तेल आणि पोटाला औषधी पेज, हे केरळातल्या वल्लुवनाडात कुणाला सांगावं लागत नाही. मास्तरांचा उजवा खांदा धरला होता, म्हणून रामुण्णी वैद्यरांनी सात दिवस पोटलीचा शेक दिला. उपचार जितके दिवस, तितकेच दिवस पुढे नल्लरिक्का, म्हणजे पथ्यानं घरी बसून राहणं. मऊ पेज, मूग, ऊन नाही, वारा नाही, प्रवास नाही. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण वैद्यरांना बोलायची भारी हौस. जाता जाता म्हणाले, "मास्तर, अन्न म्हणजे नुसतं पानातलं नव्हे. डोळे बघतात, कान ऐकतात, मन घोळवत बसतं, ते सगळं अंगी लागतं. माणूस म्हणजे काय नुसता खांदा आहे?"

दुसरा कुणी मान हलवून विसरला असता. मास्तरांनी उभा जन्म गणित शिकवलं होतं. एक पायरी चुकली की अख्खं उदाहरण खोडायचं आणि पहिल्यापासून मांडायचं. त्यांनी नियमच करून टाकला. घरात आवाज चढला की कानांनी कुपथ्य झालं, आणि कुपथ्य झालं की नल्लरिक्का पहिल्यापासून.

कर्किटकम सरला, चिंगम लागला, लोक ओणमच्या खरेदीला लागले, आणि मास्तर आपले पहिल्या-दुसऱ्या दिवसातच घोटाळत होते. पाणी तापवायचं सौदामिनीनं, विहिरीवरून बादल्या आणायच्या तिनं, नारळ सोलायचे तिनं. मास्तरांचा उजवा हात पाहुण्यासारखा मांडीवर बसून. वर हे सगळं हसतमुखानं करायचं, कारण कपाळाला आठी पडली तर ती डोळ्यांनी पोटात जाणार!

तेही तिनं सोसलं असतं. पण रेश्मीला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, सातवा महिना होता. सातव्यात माहेरच्यांनी जायचं, सासरी जेवायचं आणि पोरीला बाळंतपणाला घेऊन यायचं. आठव्यात आणत नाहीत. मुहूर्त परवाचा होता, आणि रेश्मीनं फोनवर वडिलांबद्दल साफ सांगितलं होतं, "अच्छन आले नाहीत तर मी येणार नाही, अम्मे. इथंच बाळंत होईन."

"परवा रेश्मीला आणायचंय," सौदामिनी पडवीत येऊन म्हणाली. आवाज मधाळ ठेवताना तिच्या दाढा दुखल्या.

"नल्लरिक्कात प्रवास वर्ज्य."

"अहो, मी बोक्यावर ओरडले!"

"ओरडलीस बोक्यावर, गेलं माझ्या कानात. आणि बघ, आत्ताही आवाज चढलाय."

तिनं छत्री घेतली आणि तडक वैद्यरांचं घर गाठलं. वैद्यर तळलेल्या मत्तीवर ताव मारत होते. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मासे खाताय खुशाल! तुमच्या त्या कानाच्या अन्नानं माझ्या घराची वाट लावली. कुकरची शिट्टी वाजली तरी यांचा पहिला दिवस! पोर तिकडं अडून बसलीय. करू काय मी?"

वैद्यरांनी काटा काढून पानाच्या कडेला ठेवला. "लेकीच्या सासरी मास्तर कधी जेवलेत का गं?"

सौदामिनीला आठवलं. नव्हते जेवले. लग्नात शेवटच्या पंगतीला पायसम कमी पडलं, तेव्हा व्याही अच्युतन नायर भर मांडवात म्हणाले होते, "गणिताच्या मास्तरांचा हिशोब चुकला वाटतं!" त्यानंतर मास्तरांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

म्हणजे हे होतं होय! तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच संताप आला.

संध्याकाळी वैद्यर स्वतः आले. मास्तरांची नाडी धरून बराच वेळ गंभीर बसले. "मास्तर, एक औषध राहिलंय. त्याशिवाय नल्लरिक्का पुरी व्हायची नाही. ज्या घरी घास उतरत नाही, तिथं एकदा पोटभर जेवायचं. पायसमसकट."

मास्तरांचा चेहरा पडला. "पण प्रवास..."

"औषधासाठी केलेला प्रवास पथ्यातच धरतात."

नियमापुढे मास्तरांचं काही चालेना.

परवाच्या दिवशी व्याह्यांच्या घरी केळीच्या पानापुढं ते परीक्षेला बसल्यासारखे बसले. अच्युतन नायर स्वतः पायसमचं पातेलं घेऊन आले.

"मास्तर, त्या दिवशी मी बोललो खरा," नायर खाली मान घालून म्हणाले. "शेवटच्या पंगतीला मीच होतो हो! पायसमवर माझा भारी जीव. मिळालं नाही, जीभ सुटली."

मास्तरांनी आपलं पान पुढं सरकवलं. मग म्हणाले, "वाढा. आणि तुमचंही पान मांडा इथंच." दोघांनी मिळून पातेलं खरवडलं.

निघायची वेळ झाली. रेश्मी वडिलांच्या गळ्यात पडून रडली, हसली. बाहेर गाडी उभी होती. मास्तरांनी लेकीची गच्च भरलेली मोठी बॅग उचलली, डोक्यावर धरली आणि गाडीच्या टपावर चढवली. उजव्या हातानं.

सौदामिनी बघतच राहिली. त्या सगळ्या बादल्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या, ते नारळ, ते हंडेच्या हंडे पाणी. तिनं तोंड उघडलं. मास्तरांनी पाहिलं, हात पटकन खाली घेतला आणि खांदा चोळायला लागले. डावा.

तिनं तोंड मिटलं. तिघंही गाडीत बसली, दार लागलं, गाडी हलली. मग सौदामिनी मास्तरांच्या कानाशी वाकून अगदी हळू, अगदी गोड म्हणाली, "घरी पोचू दे. आजचा तुमचा शेवटचा दिवस, आणि माझा पहिला."