सुमनबाईंचे डोळे आणि माझं रिझोल्यूशन

मित्रांनो, आखातातल्या माहूज भागातल्या एका फ्लॅटमध्ये भिंतीला पाठ लावून उभा असलेला जुना मॉनिटर म्हणजे मी. जवळच्याच झिंज भागातल्या एका दुकानातून सुजीतने मला घरी आणलं, तेव्हा माझ्यावर बोटाचा एकही ठसा नव्हता. त्याच्या ऑफिसची कामं, त्याच्या मुलीचा, श्रावस्तीचा अभ्यास, मी सगळं बिनतक्रार दाखवलं. बदल्यात काय मिळालं? बनियनच्या टोकाने पुसणं, तेही थुंकी लावून!

हा सुजीत एसी दुरुस्त करणाऱ्यांचा सुपरवायझर. पण घरात तोरा असा, की जगातली सगळी यंत्रं याच्याच सल्ल्याने चालतात. एका शुक्रवारी त्याला कॉलेजच्या दिवसांतला शर्यतीचा गेम खेळायची लहर आली. तिकडे सखीरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर खऱ्या गाड्या धावतात. हे महाशय खुर्चीत बसून तोंडाने भुर्र करत होते. गेम नीट चालेना म्हणून त्याने माझं रिझोल्यूशन खाली उतरवलं आणि खेळून झाल्यावर तसंच ठेवून उठला. पडद्यावरची माणसं बसकी दिसू लागली, अक्षरांच्या कडा भुरभुरल्या. त्याला पत्ताही नव्हता.

त्याची आई सुमनबाई, निवृत्त शिक्षिका. अमरावतीच्या रंजिताताईंच्या प्रकाशनासाठी त्या मुलांच्या पुस्तकांची प्रुफं वाचत, माझ्यावरच. आता त्यांना अनुस्वार दिसेना, ‘ष’ आणि ‘प’ सारखेच वाटू लागले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली.

"आई, डोळे खलास झालेत तुझे," मोबाईलमधून मान वर न करता सुजीत म्हणाला. "वय झालं. सोड आता ही कामं."

बाईंनी रंजिताताईंना फोन लावला. "आता दुसरं कुणीतरी बघ," एवढंच म्हणाल्या. बावीस वर्षांचं काम एका वाक्यात संपलं. त्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पण आम्हाला बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं ते असलं बोलतात.

दुसऱ्या दिवशी श्रावस्ती अभ्यासाला बसली. "आजी, हे सगळं इतकं फॅट का दिसतंय? अँड ब्लरी!"

बाई दारातच थांबल्या. "तुलाही पुसट दिसतं?"

श्रावस्तीने डिस्प्लेच्या सेटिंग्ज उघडल्या. सुजीत धावत आला. "हात लावू नकोस! त्यातलं तुला काय कळतं?"

ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलं होतं, तोच तिने निवडला. मी क्षणभर काळा झालो.

"घालवलास ना!" सुजीत ओरडला.

मी उजळलो. कडा धारदार झाल्या होत्या. "बघ, अक्षरं मुंगीएवढी झाली," तो म्हणाला. श्रावस्तीने अक्षरांचं स्केल दीडशे टक्के केलं, तशी ती मोठी झाली.

बाईंनी वाकून आपलं प्रूफ उघडलं. "दुसऱ्या ओळीत ‘त्यांना’वरचा अनुस्वार राहिलाय," त्या हळूच म्हणाल्या.

"मी हेच करणार होतो," सुजीत म्हणाला. कॉपी करताना पकडलेल्या मुलाकडे बघावं तसं बाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि फोन उचलला. "रंजिता, ते पुस्तक कुणाला दिलं असशील तर परत मागव. मी वाचतेय."

मित्रांनो, मला कोरड्या, मऊ कापडाने पुसत जा. आणि पडदा धूसर झाला, तर आजीच्या डोळ्यांना बोल लावण्याआधी आपण काय बिघडवून ठेवलंय ते बघा. सुजीतला हे सांगण्यात अर्थ नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.