वार्नाचा व

विद्यापीठाच्या आवारात गाड्या लावायची नवी पद्धत आली, ती भांडण घेऊनच आली. आधी कसं होतं, जागा दिसली की गाडी घुसवायची, आणि कुणाची अडली की खिडकीखाली उभं राहून नावानं हाक मारायची. प्रशासनाला हे बघवेना. फाटकावर कॅमेरा बसला, आडवा लोखंडी दांडा बसला, आणि प्रत्येकाने आपल्या गाडीचा नंबर मोबाइलवरून नोंदवावा असा हुकूम निघाला. नंबर लॅटिन अक्षरांत नोंदवा, असं खाली बारीक टाइपात होतं. तिथेच माशी शिंकली.

आमच्या पाट्यांवर फक्त तीच अक्षरं असतात, जी आमच्या सिरिलिक लिपीत आणि लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या लिपीत दिसायला अगदी सारखी आहेत. आमच्या वार्ना शहरातल्या गाडीचं पहिलं अक्षर व. तेच अक्षर परका माणूस बी म्हणून वाचतो. डोळ्याला एकच, यंत्राला मात्र दोन वेगळी. सिरिलिकमध्ये नोंदवलेली गाडी समोर आली की कॅमेरा म्हणणार, अनोळखी वाहन, आणि दांडा ना येताना उचलणार ना जाताना.

विद्वत्सभेत इस्क्रा पानायोतोवा उभी राहिली. जुन्या हस्तलिखितांवर तिचं आयुष्य गेलेलं. समोर उपकुलगुरू कामेन बोझिलोव. ही सगळी पद्धत त्यांच्याच डोक्यातून निघालेली.

"व म्हणजे वार्ना," ती म्हणाली. "त्याला मी बी म्हणू? ही लिपी आपण अर्ध्या जगाला दिली आणि आता आपल्याच फाटकात आपल्याच अक्षराला बंदी? दांड्याला शिकवा की वाचायला!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

"अहो बाई, दांडा बिचारा काय करणार?" बोझिलोव घाम पुसत म्हणाले. "राजधानीतली, सोफियाची कंपनी आहे, त्यांना विनवावं लागतं. वेळ लागेल."

"लागू दे वेळ. आम्हाला कुठे घाई आहे?"

म्हातारे प्राध्यापक मेतोदी तोंचेव उठले आणि त्यांनी सगळ्यांसमक्ष तिच्या हाताचं चुंबन घेतलं. भाषा विभागाने तिथल्या तिथे ठरवलं, नंबर नोंदवायचा तर आपल्याच अक्षरांत. खरं सांगायचं तर सगळ्यांना मजा येत होती. इतक्या वर्षांत प्रशासनाच्या नाकाला अशा मिरच्या कुणी झोंबवल्या नव्हत्या.

घरी तिने नवऱ्याला सगळं साभिनय करून दाखवलं. ल्युबेन हसला, आणि हसता हसता त्याला ढास लागली. गोदीत जहाजांचं वेल्डिंग करून त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात नळी, उशाशी हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र. ते विजेवर चालायचं. वीज गेली तर त्यात एक छोटी बॅटरी होती, ती जेमतेम पुरायची, आणि त्यानंतर एकुलता एक सिलिंडर.

"दांड्याला... शिकवा," तो धापा टाकत म्हणाला. "झकास सुनावलंस गं."

दांडा खऱ्या अर्थाने सुरू झाला त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. सकाळी फाटक उघडंच होतं, सगळे आत आले. इस्क्राने येताना सिलिंडर भरून आणला होता. तो डिकीतच राहिला, कारण तासाला उशीर होत होता आणि दुपारी तर ती घरी जाणारच होती. दुपारी दांडा खाली आला.

तास संपवून ती बाहेर पडते तोच शेजारच्या तिन्कामावशींचा फोन.

"इस्क्रे, पुलाच्या आपल्या बाजूला सगळीकडे वीज गेलीय गं. ल्युबेनचं मशीन टीं टीं करतंय. रुग्णवाहिकेला फोन केला, ते म्हणाले येतो, पण सगळीकडे झाडं पडलीत. तू निघालीस ना?"

"निघाले, मावशी. त्याला खिडकीपाशी बसवा. बोलू देऊ नका."

गाडी काढून ती फाटकाच्या गल्लीत शिरली, आणि पुढे बघते तर गाड्यांची रांग. दोन्ही बाजूंना भिंती. मागेही गाड्या येऊन चिकटल्या. सगळे तिचेच लोक होते, तिच्या भाषणावर टाळ्या वाजवणारे. कुणी हॉर्न वाजवत होतं, कुणी थर्मासमधली कॉफी वाटत होतं. रांगेच्या तोंडाशी तोंचेवांची जुनी निळी गाडी दांड्याला नाक लावून उभी होती. इस्क्रा उतरून धावत आली तसा आरडाओरडा झाला. "आली, आली आपली पुढारी!"

"प्राध्यापक, दांडा उघडायचाय. आत्ता."

"अगं, हलायचं नाही!" तोंचेव खिडकीतून म्हणाले. "बोझिलोव येतोय. आज त्याला नमवल्याशिवाय..."

"ल्युबेनची वीज गेलीय. सिलिंडर माझ्या डिकीत आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाणा वगैरे क्षणात गळून गेला. त्यांनी मोबाइल काढला. "सांग, काय करू? लॅटिन तर लॅटिन. मरू दे." त्यांनी व पुसला, पुन्हा लिहिला. अनोळखी वाहन.

"शेवटची दोन अक्षरंही बदला! ती अजून आपलीच आहेत."

"बदलली ना? की नाही? हे बघ, हे कुठलं आहे?"

तिने बघितलं. पडद्यावर सुबक, काळी, स्पष्ट अक्षरं होती. हजार वर्षांपूर्वीच्या चर्मपत्रावर लेखनिक कुठे दमला होता हे ती सांगू शकायची. आणि आता अक्षरांवरून पोट भरणाऱ्या त्या दोन माणसांना समोरचं अक्षर आपलं की परकं हे कळेना. पुन्हा अनोळखी वाहन. मोबाइल तिने हिसकून घेतला, स्वतः कळफलक बदलला, घाईघाईने लिहिलं. पण आकडे टाकून परत अक्षरांवर येताना तो कळफलक गुपचूप सिरिलिकवर गेला होता. तीन चुका झाल्या, एक तासाने प्रयत्न करा, असं उमटलं.

इस्क्रा दांड्याला लोंबकळली. दोघंतिघं धावून आले, सगळ्यांनी मिळून जोर लावला. दांडा तसूभर हलला नाही.

बोझिलोव धावत आले, टाय खांद्यावर उडालेला. त्यांना वाटलं होतं भांडायचंय. तिचं तोंड बघून ते थबकले. ऐकलं आणि लगेच कंपनीला फोन लावला.

"तुमच्याकडे किल्ली नाही का हो एखादी?" तिचा आवाज चिरकला. "हाताने उघडायची सोय?"

"नाही, बाई. सगळं तिकडूनच. फोनवर बाजा वाजतोय नुसता, कुणी उचलत नाही."

"मी काय वाट्टेल ते लिहून देते! चिनी लिहू? सांगा ना!"

तोंचेव रडत होते.

मग तिने डिकी उघडली. सिलिंडरचं एक टोक बोझिलोवांनी धरलं, दुसरं तोंचेवांनी, आणि भर सभेत एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली ती दोन माणसं तो जड लोखंडी नळा घेऊन दांड्याखालून वाकून मोठ्या रस्त्याकडे पळाली. पहिल्या टॅक्सीवाल्याने सिलिंडर बघून काच वर केली. "फुटलं बिटलं तर, बाई?" दुसरा थांबला. दार लावताना बोझिलोव म्हणाले, "मी फोन लावतच राहतो."

पुलावर वाऱ्यामुळे गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. तिन्कामावशींनी पुन्हा फोन केला आणि न बोलताच ठेवला. लिफ्ट बंद. टॅक्सीवाला भला होता, सिलिंडर खांद्यावर घेऊन तो तिच्या मागून जिना चढला.

दार उघडंच होतं. ल्युबेन खिडकीपाशी खुर्चीत होता. मावशींनी त्याचे डोळे मिटले होते आणि त्याचा हात धरून त्या खाली बसल्या होत्या. रुग्णवाहिका अजून आली नव्हती. यंत्राचं टीं टीं थांबलं होतं. इस्क्राने तरीही पाना घेतला, सिलिंडरची चावी फिरवली, नळी त्याच्या नाकात नीट बसवली. हवा सूं सूं करत येत राहिली. मावशी म्हणाल्या, "पोरी, राहू दे." तिने ऐकलं नाही. त्याच्या केसांवरून हात फिरवत ती बराच वेळ नळी धरून उभी राहिली.

फोन वाजला. बोझिलोव होते.

"पोचलात ना? लागला एकदाचा कंपनीचा फोन. दांडा उघडला. आणि ऐका, दोन्ही अक्षरं चालतील असं करून दिलं त्यांनी. पाच मिनिटांचं काम होतं म्हणे, कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तुमचंच बरोबर होतं, बाई. मी उद्या सभेत सगळ्यांसमोर कबूल करतो. ल्युबेन कसे आहेत?"

इस्क्राने सिलिंडरची चावी बंद केली. खोलीत एकदम सगळं शांत झालं.

"मला कोणतंही अक्षर चाललं असतं हो," ती म्हणाली.