चुनकळीवर बसलेला गार्ड

सेटल गावाच्या वर, रेल्वेला लागूनच आमची चुनाभट्टी होती. एकाला एक चिकटलेली दालनं, आणि आग एकातून दुसऱ्यात अशी वर्षानुवर्षं फिरत राहायची. माझे वडील जेबेझ चुनखडी भाजून झालेली चुनकळी काढून वॅगनींत भरायचे. त्यांची विधवा बहीण, अ‍ॅग्नेसआत्या, कामगारांना चहा करून द्यायची.

त्या फेब्रुवारीत दुपारची गाडी पुढच्या खिंडीत बर्फात रुतली. वडील फावडी घेऊन गेले आणि प्रवाशांना भट्टीवर घेऊन आले. सकाळीच रिकामं झालेलं एक दालन अजून उबदार होतं.

"बर्फ झटकून आत या हं! चुनकळीला ओल लागली की ती उकळते," आत्या दारात उभी राहून एकेकाला बजावत होती.

शेवटी गार्ड आला, सायलस पिकर्सगिल. मोठा शिस्तीचा माणूस. चुन्यानं माखलेल्या आमच्या माणसांना तो डब्यात बसू द्यायचा नाही. आत्याकडे न बघता तो तरातरा आत शिरला आणि ओल्या कोटासकट कोपऱ्यात उरलेल्या चुनकळीच्या ढिगावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं तिथून चरचर ऐकू आली. मग वाफा.

"अहो, उठा! शिजताय तुम्ही!"

आत्यानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि बटणं तटातट तोडत कोट ओढून काढला. आत जांभळा, बायकी स्वेटर होता, गळ्याशी फुलं विणलेला.

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आईचा आहे," तो खाली बघत म्हणाला. "नाताळात गेली ती."

"वीण सुरेख आहे," आत्या म्हणाली, आणि हसणाऱ्याकडे तिनं अशी नजर टाकली की त्याचं तोंडच मिटलं. "या, इकडे बसा. चहा घ्या."

रूळ मोकळे होईपर्यंत दोघं बोलत होती.

रविवारी पिकर्सगिल जळका कोट घेऊन आमच्या दारात हजर.

"ठिगळ लावून मिळेल का?"

"का? रेल्वेकडे शिंपी नाही?" वडिलांनी विचारलं.

"आहे की."

"मग?"

"तो चहा देत नाही."

आतून आत्याचं हसू ऐकू आलं. नवरा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. वडील दारातून बाजूला झाले.

मे महिन्यात लग्न झालं. आत्या हेलिफिल्डला राहायला गेली. दर शनिवारी ती आमच्यासाठी केक भाजायची, आणि पिकर्सगिलकाका धावत्या गाडीतून त्याची पुरचुंडी रुळालगतच्या आमच्या अंगणात फेकायचे. नेम इतका वाईट की ती कायम शेजारच्या कोबीतच पडायची.