रजनीची बाजू

गोदावरीबाई हुबळीहून अळणावरजवळच्या आपल्या गावी परतल्या त्या सुनेच्या, सीतेच्या, बाळंतपणासाठी. नातू झाला, घर भरलं, म्हैसही दुधावर होती. उणीव म्हणावी तर एकच. रविवारची मालिका.

नवरा गेल्यावर काही वर्षं त्या हुबळीला धाकट्या भावाकडं राहिल्या होत्या. भावाचं भांड्यांचं दुकान, आणि घरात गल्लीतला पहिला टीव्ही. रविवारी सगळी गल्ली त्यांच्या सोप्यात. मालिका हिंदीत, कळली तेवढी कळली, बाकीची शेजारच्या अंबूताई समजावून सांगायच्या. मालिकेतली थोरली सून रजनी नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घर सोडून गेली होती आणि शिवणाचा वर्ग चालवत होती. तिनं परत जावं, असं अंबूताईंसकट सगळ्यांचं म्हणणं. "कशाला जायचं?" असं विचारणाऱ्या गोदावरीबाई एकट्या. मालिका संपायची, पण हे भांडण पान वाढेपर्यंत चालायचं.

"आता तिच्या बाजूनं बोलायला तिथं कोण आहे गं?" बाळाला तेल लावता लावता त्या सीतेला म्हणाल्या. जीवाला तेवढीच रुखरुख होती.

भावाचा मुलगा यशवंत कॉलेजात होता, इंग्रजी गाण्यांचा वेडा. त्यानं आपला जुना टेपरेकॉर्डर आत्याला देऊन टाकला. रविवारी तो नवा टेप टीव्हीशेजारी ठेवायचा आणि मालिका कॅसेटवर उतरवून घ्यायचा. मंगळवारी गोदावरीबाईंचा मुलगा बाबाजी भाजी घेऊन हुबळीच्या बाजारात जाई, तो येताना कॅसेट आणी. कॅसेटी यशवंताच्याच, कोप्पीकर रोडच्या दुकानातून गाणी भरून घेतलेल्या. त्यामुळं मालिका संपली की उरलेल्या भागात एकदम ढोल बडवायला लागत. पहिल्यांदा बाळ दचकलं. मग त्याला त्यावरच झोप यायला लागली.

पहिल्या कॅसेटमध्ये रजनीची दोन वाक्यं ऐकू आली, आणि लगेच अंबूताई: "बघा, बघा, केस कसे मोकळे सोडलेत!"

"केस तिचे. तुमचं काय जातं?" गोदावरीबाई टेपला म्हणाल्या. पण टेप त्यांच्यासाठी थोडाच थांबतोय! अंबूताई पुढं निघूनही गेल्या. मग यशवंत आणि त्याचा मित्र मधुकर यांची आपापल्या आवडत्या इंग्रजी बँडवरून जुंपली.

"तुझ्या बँडात आहे काय? एकटा गिटारवाला कुंथतोय."

"आणि तुझा ढोलवाला? तुमच्या दुकानातली फळी भांड्यांसकट कोसळल्यासारखा!"

"सुम्निर्री!" भाऊ ओरडला. "गप्प बसा, टेप चालू आहे!"

गोदावरीबाईंना हसून हसून ठसका लागला.

असे काही आठवडे गेले. मग एका मंगळवारी बाबाजीनं निरोप आणला. "यशवंत म्हणाला, या खेपेला सगळ्यांना बाहेर बसवलंय. एक आवाज नाही. आत्याला म्हणावं, नीट ऐक."

खरंच एक आवाज नव्हता. रजनीचा नवरा वर्गात आला, चुकलो म्हणाला, घरी चल म्हणाला. रजनी म्हणाली, विचार करून सांगते. संपलं. ढोल सुरू झाले.

"नीट ऐकू आलं ना?" सीतेनं विचारलं.

"आलं. पण तिथं माणूसच नव्हतं कोणी."

त्यांनी कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावली. मग आणखी एकदा. पुढच्या रविवारी रजनी निकाल देणार, आणि अंबूताईंनी तो कधीच देऊन ठेवलेला असणार.

"सीते, आपलं बोलणं यात भरायचं कसं?"

"ते लाल बटण, आणि त्याच्या शेजारचं. दोन्ही एकदम दाबा."

गोदावरीबाईंनी दाबलं आणि बांधावरून हाक मारावी तशा बोलल्या. "अंबूताई, मी गोदा. तुम्ही त्याचं पडलेलं तोंड बघितलं असणार. मी नुसतं ऐकलं. तो चुकलो म्हणत होता तेव्हा शिवणाचं मशीन चालूच होतं. तिनं पाय थांबवला नाही. ती जायची नाही, लिहून घ्या. आणि यशवंता, सगळ्यांना आत घे. मधुकर काही म्हणू दे, ढोलवालाच खरा. आमचं बाळ त्याच्यावरच झोपतं."

रविवारच्या आत पोचावी म्हणून ती कॅसेट घेऊन बाबाजीला शनिवारीच मुद्दाम हुबळीला पिटाळलं. मंगळवारी पुढची कॅसेट आली. सुरुवातीलाच लांबून त्यांचा स्वतःचा आवाज. यशवंताचा टेप भरून घेत होता, म्हणून मधुकरच्या टेपवर लावला होता. तो संपला मात्र, सोपा उसळला.

"ऐकलंस मधू? आत्या माझ्या बाजूनं!"

"तान्ह्या पोराचं मत धरायचं नाही!"

"अय्यो, पाय ऐकला म्हणे! आम्ही काय आंधळ्या?" या अंबूताई.

मग यशवंत टेपजवळ आला. "आत्या, बोलताना माझं अर्धं गाणं पुसलंस. असू दे. बाळाला दुसरं पाठवतो."

मालिका सुरू झाली. नवरा आला, बोलायला लागला. मागं बारीक खडखड होती. कोणीतरी खोकलं, तशा अंबूताई कडाडल्या, "सुम्निर्री! मशीन ऐकू द्या मला!"

हुबळीचा तो अख्खा सोपा चिडीचूप झाला. मशीन चालूच होतं.

"बघा," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि मांडीवरच्या बाळाला थोपटत ढोलाची वाट बघत बसल्या.