जाणाऱ्याने पडून जायचं

सख्खा भाऊ कायमचा दुसऱ्या शहरात निघालाय, ही बातमी धाकट्याला मोबाइलच्या ग्रुपवर समजली. आणि तो सख्खा भाऊ होता कुठे? दुकानातल्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे, चार हातांवर, कापूस झोडपत बसला होता. काठीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. बातमी टाकण्यापुरती ती काठी थांबली असेल तेवढीच, पुन्हा आपली धप्प, धप्प सुरू. आता बोला!

'मंडळी, महिनाअखेर दुकान बंद करून आम्ही दोघं लेकीकडे राहायला जातोय. येत्या शुक्रवारी माझा शेवटचा शो,' एवढंच थोरल्याने लिहिलं होतं. खाली पटापट शुभेच्छा पडायला लागल्या. केमिस्टने हात जोडले, बेकरीवालीने रडकं तोंड टाकलं, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांनी तर भाषणच ठोकलं. पण सरळ शुभेच्छा देईल तर तो धाकटा कसला? त्याने फोमचा कटर बंद केला, बोटांना चिकटलेला चुरा पँटला पुसला आणि टाइप केलं, 'नियम माहीत आहे ना? जाणाऱ्याने पडून जायचं.'

हा ग्रुप कुस्तीवेड्यांचा. मातीतल्या कुस्तीचे नव्हेत हां, टीव्हीवरच्या झगमगाटी कुस्तीचे, जिथे कोण कोणाला पाडणार हे आधीच ठरलेलं असतं. 'अहो, सगळं खोटं असतं ते,' असं कोणी शहाणपण शिकवायला आलं, की ही मंडळी त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघतात. खोटं आहे हे ठाऊक आहे म्हणून तर मजा! रिंगला दोऱ्या तीन, म्हणून यांनी ग्रुपचं नाव ठेवलं 'चौथी दोरी'. इथे प्रत्येकाची मनातल्या मनात एक कुस्ती कंपनी. पैलवान मनातले, विजेत्याचा बेल्ट मनातला, शिट्ट्या मारणारी गर्दीही मनातलीच. कोणाला जिंकवायचं, कोणाला रडवायचं, कोणता जिवलग मित्र कोणाच्या डोक्यात खुर्ची घालणार, हे ठरवणारा तो बुकर. दर शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक बुकर आपला शो लिहून ग्रुपवर टाकतो आणि बाकीचे त्याची पिसं काढतात. घोडे झाले तरी खेळ सुटत नाही, असं धाकट्याची बायको म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते.

तर नियम असा. टीव्हीवरच्या कंपन्यांची एक जुनी रीत आहे. पैलवान कंपनी सोडून निघाला की शेवटच्या लढतीत त्याने हरायचं. इतक्या वर्षांत कमावलेली चमक मागे राहणाऱ्याच्या अंगावर सोडायची आणि मगच बॅग उचलायची. चौथ्या दोरीनेही ही रीत उचलली होती. मोडायची कोणाची टाप नव्हती.

थोरल्याचा पैलवान म्हणजे 'हेडमास्तर'. डोळ्यांवर चष्मा, अंगात कोट, हातात छडी. रिंगमध्ये आला की आधी कोट काढून नीट घडी घालणार, मग समोरच्याला धुणार. धाकट्याचा 'रणगाडा' म्हणजे नुसता मांसाचा डोंगर, आणि तो कधी म्हणजे कधीच हरलेला नाही. धाकट्याने हरू दिलंच नव्हतं.

आणि इथेच त्याचं दुखणं होतं. हेडमास्तर सगळ्यांपुढे पडला होता. केमिस्टच्या मुखवटेवाल्यापुढे पडला, पीटीच्या मास्तरांच्या जुळ्या भावांपुढे पडला, एवढंच काय, बेकरीवालीच्या काल मिसरूड फुटलेल्या नवख्यापुढेसुद्धा पडला आणि त्या नवख्याचं नाव करून गेला. पडला नाही तो फक्त रणगाड्यापुढे. धाकट्याने किती वेळा लढत मागितली! थोरल्याचं उत्तर ठरलेलं, एका शब्दाचं: 'नको.'

हे काही आजचं नव्हतं. वडील गेले आणि वर्षाच्या आत गाद्यांच्या दुकानात मधोमध प्लायवूड उभं राहिलं. थोरला म्हणायचा, गादी म्हणजे कापसाची. धाकटा म्हणायचा, जग फोमवर झोपतंय. तिथपर्यंतही ठीक होतं. पण एक दिवस भर गिऱ्हाइकांत थोरला बोलून गेला, 'तुला अजून साधं दाभण धरता येत नाही, तू मला धंदा शिकवतोस?' गिऱ्हाईक हसलं. त्या हसण्याने धाकट्याच्या काळजात जे घर केलं ते केलंच. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं ग्रुपवर, तेही हेडमास्तर आणि रणगाड्याच्या तोंडून. आता थोरल्याची कापसाची बाजूही आपसूक धाकट्याकडे येणार होती. पण दुकान कोणाला हवं होतं? त्याला एकच हवं होतं. दादाने एकदा, चारचौघांत, आपल्यापुढे आडवं व्हावं. बस्स.

थोड्या वेळाने थोरल्याचं उत्तर आलं. 'नियम माहीत आहे. हेडमास्तर पडेल. बेकरीवालीच्या पैलवानापुढे.'

धाकट्याचं टाळकंच सटकलं. त्याने प्लायवूडवर अशी बुक्की हाणली की पलीकडे खिळ्याला टांगलेली कैची खाली पडली.

"दादा! मी काय मेलोय?"

काठी थांबली. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा तोंडाने हाक मारली होती, आणि मारली ती अशी.

"काय हवंय?" पलीकडून आवाज आला.

"परक्यांपुढे लोळण घेशील आणि सख्ख्या भावापुढे पडायला लाज वाटते?"

"लाज नाही वाटत. फुकट जाईल."

"काय फुकट जाईल?"

"पडणं. तुझ्या माणसाला पाडता येतं, जिंकता येत नाही. समोरचा उताणा पडला की हा त्याच्या छातीवर नाचतो. त्याच्यापुढे पडून कोणाचं भलं व्हायचंय? ना पडणाऱ्याचं, ना त्याचं."

"हे सगळं सोड. घाबरतोस, असं सरळ सांग ना!"

"छोट्या, आवाज खाली. माझ्याकडे गिऱ्हाईक बसलंय."

छोट्या! डोक्यावर जावळ असलेल्या बाळाला नव्हे, पोट सुटलेल्या, दोन लेकरांच्या बापाला छोट्या! धाकट्याने शटर आपटलं आणि घरी गेला.

घरी बायकोने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, मोठे भाऊजी कायमचे चाललेत. जाऊबाई सामान बांधतायत. तुम्ही एकदा तिकडे जाऊन 'काही हवं-नको का' एवढं तरी विचारलंत? आणि भांडताय कशावरून, तर नसलेल्या माणसांच्या कुस्तीवरून!"

"तुला नाही कळायचं."

"नकोच कळायला," ती म्हणाली आणि भांडी आदळत आत गेली.

मग त्या आठवड्यात धाकट्याने ग्रुपवर नुसता उच्छाद मांडला. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. 'हेडमास्तर शेपूट घालून पळाले.' 'छडी मोडली की काय?' 'भित्र्यांच्या निरोपाला हार कशाला, बांगड्या पाठवा.' केमिस्टने समजावलं, त्याला झापला. पीटीच्या मास्तरांनी 'जरा सभ्यतेने' असं लिहिलं, त्यांना म्हणाला, तुमच्या जुळ्या भावांना विचारतं कोण? थोरला गप्प. तो गप्प बसला की धाकटा आणखी पेटायचा. पलीकडे मात्र काम जोरात चाललं होतं. राहिलेल्या ऑर्डरी हातावेगळ्या करायच्या होत्या ना.

शेवटी बेकरीवालीनेच हात टेकले. तोंडाने फटकळ बाई, पण ग्रुपमध्ये तिच्याइतकी जाण कोणाला नव्हती. तिने लिहिलं, 'मला नको ही लढत. घरचं भांडण माझ्या पैलवानाच्या गळ्यात कशाला? दादा, देऊन टाका त्याला काय हवं ते. नाहीतर हा आम्हाला सुखाने दोन घास खाऊ देणार नाही.'

बऱ्याच वेळाने थोरल्याचे दोन शब्द आले. 'बरं. रणगाडा.'

शुक्रवारी धाकट्याने गिऱ्हाईक परतवून लावलं, शटर अर्धं ओढलं आणि फोमच्या चळतीवर मांडी ठोकून बसला. पलीकडे सामसूम होती. काठी नाही, शिलाई नाही. फक्त वहिनीचा स्टो पेटल्याचा आवाज आला आणि चहाचा वास.

शो आला. धाकट्याने अधाशासारखा वाचायला घेतला.

हेडमास्तर रिंगमध्ये आला. कोट काढला, पण घडी घातली नाही, तसाच दोरीवर टाकला. तेवढ्यानेच गर्दी चिडीचूप झाली, असं थोरल्याने लिहिलं होतं. रणगाड्याने त्याला उचलून आपटलं, तो उठला. पुन्हा आपटलं, पुन्हा उठला. गुडघा धरून उठला, दोरी धरून उठला, पंचाच्या पायाला धरून उठला. एकदा तर रणगाड्याला त्याने असा पेचात धरला की धाकटा फोमच्या चळतीवरून अर्धा उठला. हा माणूस ऐन वेळी शब्द फिरवणार! पण नाही. चष्मा फुटला, छडी हातातून सुटली, आणि रणगाड्याने आपलं अख्खं वजन त्याच्यावर टाकलं. एक, दोन, तीन. कसला दगाफटका नाही, कोणी मध्ये पडलं नाही, पंच दुसरीकडे बघत नव्हता. स्वच्छ, खणखणीत हार.

"हाण तिच्या!" धाकटा ओरडला. एकटाच ओरडला. पडला! दादा पडला! मग त्याने पुढचं वाचलं.

'हेडमास्तर उठला. शर्टाची कॉलर नीट केली. इतकी वर्षं या पोराशी लढायचं टाळलं, ते चुकलंच, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने रणगाड्यापुढे हात केला. रणगाड्याने काय केलं, ते त्याच्या मालकाने लिहावं. मी थांबतो.'

ग्रुपवर सगळे वाट बघत होते.

धाकट्याचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला. 'ते चुकलंच.' हे त्याने दोनदा वाचलं. आणि पाठोपाठ डोक्यातला कुस्तीवाला जागा झाला. अरे, हात! हा हात कोण घेतो? या कुस्तीत हरलेल्या माणसाने हात पुढे केला की शेंबडं पोरसुद्धा ओरडतं, 'घेऊ नकोस!' हात घ्यायचा, पाठ वळवायची, आणि मागून डोक्यात खुर्ची. केमिस्टच्या मुखवटेवाल्याला हेडमास्तरने असाच गाठला होता. जुळ्या भावांनाही असाच. म्हणजे म्हातारा जाता जाता डाव टाकतोय! मी हात घेतला असं लिहायचं, आणि हा खाली एक ओळ टाकून मला सगळ्यांसमोर गाढव ठरवणार. 'पोराशी' म्हणतोय बघा, पोराशी! इथेसुद्धा मी पोरच!

त्याने लिहिलं. 'रणगाड्याने त्या हाताकडे पाहिलं, हसला, आणि हेडमास्तरच्या पोटात लाथ घातली. मग त्याच्या छातीवर पाय देऊन बेल्ट उंच धरला. निरोप असा असतो.'

पाठवून दिलं आणि थोरल्याच्या उलट्या डावाची वाट बघत बसला.

डाव आलाच नाही. बेकरीवालीने लिहिलं, 'अरेरे.' केमिस्टने लिहिलं, 'जिंकलास बाबा. अभिनंदन.' शेवटी थोरल्याचं आलं, 'ठीक. शो संपला. सगळ्यांचे आभार.' पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज झाला आणि शटर खाली आलं.

महिनाअखेरीला टेम्पो आला. थोरला दाभणांची पेटी आणि पिंजायचं यंत्र चादरीत गुंडाळून स्वतः चढवत होता. वहिनी दुकानाची किल्ली द्यायला धाकट्याच्या बाजूला आली. तिला कुस्तीतलं ओ का ठो कळत नव्हतं.

"भाऊजी, त्या दिवशी काय झालं हो तुमचं?" तिने विचारलं. "शुक्रवारी यांनी मला तीन कप चहा टाकायला लावला. म्हणाले, छोट्या येईल आता इकडे. मोबाइल हातात धरून बसले होते. मग एकदम म्हणाले, ओत तो मोरीत."

धाकट्याने किल्ली हातात घेतली आणि तशीच काउंटरवर टाकली. मग तो चपला न घालताच बाहेर पळाला. थोरला टेम्पोची मागची फळी लावून हात झटकत होता. धाकटा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "दादा," तो म्हणाला. त्याने नुसता हात पुढे केला.

थोरल्याने आधी त्या हाताकडे पाहिलं. मग खाली, धाकट्याच्या पायांकडे पाहिलं, आणि लाथ पोचणार नाही एवढं एक पाऊल मागे सरकला.

"राहू दे," तो म्हणाला. "टेम्पोवाला खोळंबलाय."