निजेला धोंडा

रात्रभराची शर्यत धावून आमची फियाट नागपूरच्या कस्तुरचंद पार्कात शिरली तेव्हा नुकतं फटफटलं होतं, आणि महाल भागातली आमची गल्लीच्या गल्ली तिथे उभी होती. घरी कोणी झोपलंच नव्हतं. सासरे बापूजी धोतराचा सोगा हातात धरून गाडीमागे पळत होते, सासूबाई रुखमाबाई टाचा उंच करून गर्दीवरून बघत होत्या. शेजारचे भैयाजी, ज्यांनी आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही, ते माझ्या नवऱ्याला ओरडून सांगत होते, "ब्रेक मार गा श्रीधर, ब्रेक मार!" गाडी केव्हाची उभी राहिली होती.

दुसरे! इतक्या गाड्यांमधून आम्ही दुसरे होतो. खाली उतरून मी कोणाला मिठी मारणार होते देव जाणे, पण समोर बापूजी होते म्हणून पदर सावरून उभी राहिले.

त्र्याऐंशी सालचा एप्रिल होता. एका मोटार क्लबाने ही शर्यत ठेवली होती, आणि नागपूरचं ऊन बघून पहिली फेरी रात्रीची केली होती: सावनेर, खापा, नरखेड, काटोल आणि परत. मग दिवसभर विश्रांती. संध्याकाळी पाचला दुसरी फेरी, बुटीबोरीकडच्या धुळीच्या रस्त्यांवरून. दोन्ही फेऱ्या मिळून निकाल. पाचला गाडी झेंड्यापाशी उभी नसली, तर रात्रभरची मेहनत पाण्यात.

एका गाडीत दोन माणसं. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने नकाशा, घड्याळ आणि बॅटरी मांडीवर घेऊन वाट सांगायची. लायसन आम्हा दोघांकडेही होतं. माझं माहेर नरखेडजवळचं, आणि बाबांच्या संत्र्याच्या बागेतली जीप मी कॉलेजात जायच्या आधीपासून चालवत होते. नाव नोंदवताना मी म्हटलं, अर्धी रात्र तुम्ही चालवा, अर्धी मी. श्रीधर तयार होते. बापूजी नव्हते.

"सूनबाई बाजूले बसन," ते म्हणाले. "स्टिअरिंगले हात नाही लावाचा. लोकं काय म्हणतीन?"

मी गिळलं. पण आवडलं नाही, खोटं कशाला बोलू? गल्लीतली पोरं मला कंडक्टर म्हणायला लागली. "काकू, डबल बेल मारा!" मी हसले. आतून मात्र एकेकाचे कान उपटावेसे वाटत होते.

पण रात्र! ती रात्र कशी सांगू? खाप्यात लोक गॅसबत्त्या घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, जणू वरात येणार होती. नरखेडच्या बाजूला बागांना पाणी सोडलेलं, पंप धडधडत होते, आणि खिडकीतून ओल्या मातीचा वास आत घुसत होता. आमच्या गावच्या फाट्यावर बाबा बॅटरी गरागरा फिरवत उभे होते. मी खिडकीतून अर्धी बाहेर निघून ओरडले, "बाबा, आम्ही आलो!" आणि तेवढ्यात एक वळण सांगायचं राहिलं. श्रीधरनी ते कसं घेतलं त्यांनाच माहीत, पण आमच्या पुढची एक गाडी तिथेच मागे पडली. दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

तर दुसरे येऊन आम्ही घरी पोचलो, आणि बापूजींनी गल्लीत उभं राहून जाहीर केलं, "आता एकच काम. श्रीधरले झोपवाचं!"

आमच्याकडे माणसाला झोपवायचं म्हणजे लग्न लावण्यासारखं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मधल्या खोलीत गादी घातली. वाळ्याच्या कूलरमध्ये चार बादल्या पाणी ओतलं. सासूबाईंनी श्रीधरच्या डोक्याला तेल चोळलं, ताकभात भरवला, आणि तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायला घेतलं. काशाच्या वाटीने झोप येते असं आमच्याकडे म्हणतात, आणि तळवा काळा पडला की अंगातली उष्णता उतरली असं समजतात. श्रीधरचे तळवे काळे कुळकुळीत झाले. डोळे मात्र टक्क उघडे.

"झोपला का?" बापूजींनी दारातून विचारलं.

"झोपतो ना बापूजी."

दार लागलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. "आता झोपला का?"

भैयाजी दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "हळू बोला, श्रीधर झोपून राहिला," आणि ते सांगणं पार कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जायचं. कूलर कुरकुरतो म्हणून कोणीतरी बंद केला. घामाच्या धारा लागल्या म्हणून पुन्हा सुरू केला. कोणी उशाशी कांदा ठेवायला सांगितलं, कोणी तो काढायला सांगितलं. मी एकदा आत डोकावले तर श्रीधर छताकडे बघत पायाने क्लच दाबत होते.

"अरुंधती," ते कुजबुजले, "काटोलच्या अलीकडचं ते वळण आठवते? काय घेतलं ना आपण!"

"अहो, झोपा ना आता."

"हो हो. पण काय घेतलं!"

आणि मी? मला कोणी झोप म्हटलं नाही. रागाने सांगत नाही, जसं झालं तसं सांगते. गाडीत दोघं होतो, रात्र दोघांनी काढली, पण घरात पाऊल टाकलं आणि मी पुन्हा सून झाले. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि चहाचं आधण उतरतच नव्हतं. पोहे झाले, पुन्हा पोहे झाले. प्रत्येक बाई पदर खोचून ओट्याशी यायची आणि म्हणायची, "सांग ना वं, काय काय झालं रात्री?" ते सांगायला मला आवडत होतं, हेही खरंच. सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा यायचा. पण डोळ्यांत वाळू भरली होती, आणि पाचला तो नकाशा मला वाचायचा होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

उन्हं डोक्यावर आली तेव्हा समोरच्या खोलीतून बापूजींचा आवाज आला, "सूनबाई, चार कप टाक वं. साखर कमी."

माझ्या हातात झारा होता. तो मी ओट्यावर आपटला. स्टोव्ह विझवला, दार लावलं, आतून कडी घातली. फरशीवर आडवी झाले. उशाला काही नव्हतं, तर भिंतीला टेकलेला पाटा ओढला, त्याच्यावर पंच्याची घडी ठेवली आणि डोकं टेकलं. पाट्याला सकाळच्या मिरचीचा वास येत होता. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ते काय खोटं आहे? मिरचीचा वास संपूर्ण कळायच्या आत मी गेले.

जाग आली ती सासूबाईंच्या आवाजाने. दाराच्या फटीला तोंड लावून त्या हाक मारत होत्या, "अरुंधती, उठ वं माय. चार वाजले."

मी धडपडून कडी काढली. सासूबाई उंबऱ्याबाहेर पाटावर बसल्या होत्या, दाराला पाठ लावून. शेजारी चहाच्या टपरीवरची किटली होती.

"आई, तुम्ही इथे?"

"हे दोनदा आले दार वाजवाले," बापूजींच्या दिशेने मान उडवत त्या म्हणाल्या. "म्हटलं, चहा बाहेरून येईन. दाराले हात लावजा नोको."

एवढा वेळ ती बाई तिथे बसली होती, तीही रात्रभर जागलेली. मी नुसतं "आई" म्हटलं. त्या म्हणाल्या, "तोंड धू पहिले. गालावर पाट्याची नक्षी उठली."

मधल्या खोलीत गेले तर श्रीधर गादीच्या काठावर बसले होते. एका पायात बूट, दुसरा बूट हातात. डोळे मिटलेले. दिवसभर सगळ्या गल्लीने बोलावून जी आली नाही, ती झोप आता निघायच्या वेळी येऊन त्यांच्या मानगुटीवर बसली होती. भैयाजींनी तोंडावर पाणी मारलं. श्रीधरनी डोळे उघडले, "डाव्या हाताले वळू का?" विचारलं आणि पुन्हा मिटले.

"आता कसं होते?" बापूजींचा चेहरा उतरला. "दुसरा नंबर होता ना गा आपला!"

"नाव काढून घ्या," भैयाजी म्हणाले. "दुसरं काय करता?"

मी पूर्ण जागी होते. इतकी जागी मी आयुष्यात कधी नव्हते. पण मी विचारणार नव्हते, एकदा 'नाही' ऐकून घेतलं होतं.

श्रीधरनी डोळे न उघडता खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला. "तू चालव. मी चालवली तर झाडावर नेतो."

बापूजींनी घसा खाकरला. "तसं नाही, पण लोकं काय..."

"लोकं काय म्हणतीन?" सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी पाच वर्षांत ऐकला नव्हता. "लोकं म्हणतीन का रुखमाबाईचं पोरगं झोपेत झाडाले जाऊन भिडलं. ते चालते का तुमाले? ते पोरगी झोपून उठली, इचा हात पाह्यजा, थरथरून राहिला का? काहून अडवून राहिले मंग?"

बापूजी माझ्या हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "लायसन घेतलं का सूनबाई?"

"घेतलं!" मी म्हटलं, आणि धावतच सुटले.

त्या दुसऱ्या फेरीचं काय सांगू! ऊन समोरून डोळ्यांत, पुढच्या गाडीची धूळ पडद्यासारखी, आणि स्टिअरिंग माझ्या हातात. माझ्या! या फेरीचा नकाशा मी आधीच पाठ केला होता, वाट सांगायला कोणी लागत नव्हतं. बाजूच्या सीटवर माझा नॅव्हिगेटर तोंड उघडं टाकून घोरत होता. तपासणीच्या नाक्यावर क्लबाचा माणूस घाबरून म्हणाला, "यांना काय झालं?" मी म्हटलं, "विश्रांतीची फेरी चालू आहे त्यांची," आणि गिअर टाकला. बुटीबोरीच्या पुढे एका खडबडीत वळणावर मी दोन गाड्या मागे टाकल्या तेव्हा मी एकटीच मोठ्याने ओरडले. श्रीधरनी फक्त कूस बदलली.

पार्कात शिरले तेव्हा गल्ली पुन्हा उभी होती. पोरं ओरडत होती, पण कंडक्टर कोणी म्हणत नव्हतं. निकाल लागला. पहिला नंबर नाही आला, आम्ही दुसरेच राहिलो. बापूजी मात्र भेटेल त्याला धरून सांगत होते, "आमच्या सूनबाईनं आणली गाडी. झोपून उठली अन् आणली."

घरी आल्यावर श्रीधर गादीवर गेले ते गेलेच. आता मला झोप येईना. अंग अजून रस्त्यावर होतं, डोळे मिटले की वळण येत होतं आणि माझा पाय क्लच शोधत होता. स्वयंपाकघरात चटईवर पडून होते, तेवढ्यात सासूबाई आल्या आणि माझ्या पायाशी बसल्या. त्यांच्या हातात काशाची वाटी होती.

मी ताडकन पाय आखडले. "आई, हे काय! सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा का?"

"चूप राह्य. दे इकडं पाय." त्यांनी घोटा धरून पाय मांडीवर ओढून घेतला, तूप लावलं आणि वाटी फिरवायला सुरुवात केली. माझे डोळे भरून आले. मी तोंड भिंतीकडे केलं.

वाटी बराच वेळ फिरत राहिली. मग ती मध्येच थांबली. बाहेरच्या खोलीत बापूजी आहेत की नाहीत ते त्यांनी मान वाकवून बघितलं.

"अरुंधती," त्या हळूच म्हणाल्या, "गाडी शिकाले किती दिवस लागते वं?"